दुसऱ्या अर्थाचे अर्थकारण

धानाची कापणी उरकत येते, दिवाळीचे दिवे विझतात आणि आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि त्या निमित्ताने रात्रभर नाटक चालते. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या व्यवसायाचे केंद्र. तेथील नाट्यमंडळांच्या कचेऱ्यांवर या दिवसांत रंगीत फलक झळकतात आणि नाटकांची पत्रके एस. टी. स्थानकांवर, पानठेल्यांवर आणि आठवडी बाजारात वाटली जातात.

गेल्या हंगामात अशाच एका स्थानकावर घडलेला साधा प्रसंग येथे सांगतो. बाकावर एक बाई आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीसह बसली होती. पत्रक वाटणाऱ्या पोऱ्याने मुलीच्या हाती एक पत्रक दिले. नव्याने वाचनाची गोडी लागलेली मुले जे दिसेल ते मोठ्याने वाचतात. तसे तिनेही नाटकाचे नाव खणखणीत आवाजात वाचले आणि विचारले, "आई, याचा अर्थ काय व?" आईने पत्रकाची घडी घालून ते पिशवीत टाकले आणि म्हणाली, "काही नाही, नाटकाचं नाव होय ते." शेजारच्या बाकावरील तिघे-चौघे हसले. खरे सांगायचे तर प्रस्तुत लेखकही हसला आणि मग बस येईपर्यंत त्या बाईकडे पाहण्याचे त्याला धाडस झाले नाही.

त्या नावात एकही शब्द असभ्य नव्हता. शब्दकोश काढून बसले असते, तर त्याचा अर्थ निरुपद्रवीच निघाला असता. तरीही बाकावरील प्रत्येकाला त्याचा दुसरा अर्थ कळला होता आणि ज्या एका व्यक्तीला तो उघडपणे विचारण्यात आला, तिला तो सांगता येत नव्हता. कलाकृतीच्या नावात आणि जाहिरातीच्या चित्रात दडविलेला हा दुसरा अर्थ कोठून येतो, तो कोणाला विकला जातो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा या लेखाचा विषय आहे.

जुनी परंपरा

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दोन अर्थांनी बोलणे हे पाप आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. तसे मानले तर मराठी भाषेची निम्मी गंमत संपेल. श्लेष हा अलंकार आपण शाळेत मुलांना शिकवितो तो उगाच नव्हे. आपल्या साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या. अभिधा सरळ अर्थ सांगते, लक्षणा जवळच्या अर्थाकडे नेते आणि व्यंजना न बोललेला अर्थ सुचविते. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त या सुचविलेल्या अर्थालाच काव्याचा आत्मा ठरविले आणि त्याच्या उदाहरणांसाठी तो आपल्या महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'कडे वळला. त्यांतील एका प्रसिद्ध गाथेत घरी उतरलेल्या वाटसरूला एक तरुणी बजावते की, सासू कोठे निजते आणि मी कोठे निजते ते उजेडी नीट पाहून ठेव, रात्री चुकून आमच्या अंथरुणावर आदळू नकोस. वरवर पाहता हा निषेध आहे. प्रत्यक्षात ते निमंत्रण आहे. ही गाथा पंडितांनी शतकानुशतके चर्चिली आणि तिला कोणी ग्राम्य म्हटले नाही.

याच परंपरेत अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अश्लीलता हा काव्यदोष मानला आणि त्याचे तीन प्रकार सांगितले : लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगल सुचविणारा. म्हणजे सूचकतेचा गौरव आणि अश्लीलतेचा निषेध या दोन्ही गोष्टी आपल्या शास्त्रकारांना एकाच वेळी मान्य होत्या. पुढे एकनाथांच्या भारुडांनी दोन अर्थांचे हे शस्त्र परमार्थासाठी वापरले. त्यांतील विंचू हा विंचू नसून विकार आहे, हे श्रोत्यांना ठाऊक असते. आणि आमच्या खेड्यांतील लग्नांत विहिणींना चिडविणारी गाणी ज्यांनी ऐकली असतील, त्यांना हेही ठाऊक असेल की, दुहेरी अर्थाची चव बायकांनाही कळते. मांडवात पुरुष नाहीसे पाहून म्हाताऱ्या आजीबाई जे काही गातात, त्यापुढे नाटकाच्या पत्रकाने मान खाली घालावी.

मग फरक कोठे आहे? गाथेतील तरुणी स्वतः बोलते आणि दुसरा अर्थ तिचा स्वतःचा असतो. विहिणीची गाणी गाणाऱ्या स्त्रिया स्वतः गातात, स्वतः हसतात आणि ज्या विहिणीवर गाणे रचले आहे, तिलाही उलट गाणे म्हणण्याचा हक्क असतो. स्थानकावरील त्या बाईला असा कोणताही हक्क नव्हता. दुसरा अर्थ तिच्या हाती दुसऱ्याच कोणी ठेवला होता.

दादांची चढती भाजणी

द्व्यर्थी नावांचा विचार करताना मराठी माणसाच्या ओठावर पहिले नाव येते ते दादा कोंडके यांचे. १९३२ साली मुंबईच्या गिरणगावात जन्मलेला हा कलावंत सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आला आणि वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने घरोघर पोचला. १९७१ साली 'सोंगाड्या' आला आणि त्यानंतर त्यांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केल्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात झाली. १४ मार्च १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. शहरी सुशिक्षितांनी त्यांना नाके मुरडली, पण गिरणी कामगार, शेतमजूर आणि हमाल यांनी त्यांना डोक्यावर घेतले. गाथासप्तशतीतील शृंगाराचे कौतुक करणाऱ्यांनी दादांच्या विनोदाला मात्र चावट ठरवावे, यात शिष्टपणाचा भाग किती आणि वर्गाभिमानाचा किती, हे ज्याचे त्याने तपासावे.

परंतु दादांच्या चित्रपटांची नावे क्रमाने मांडली, तर एक गोष्ट लक्षात येते. 'सोंगाड्या' (१९७१), 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'पांडू हवालदार' (१९७५), 'राम राम गंगाराम' (१९७७) ही सुरुवातीची नावे. त्यांत चावटपणा फारसा नाही. 'एकटा जीव सदाशिव' ही लोकांच्या तोंडची म्हण आहे. 'आंधळा मारतो डोळा' हा तर अशक्य गोष्टीचा मासलेवाईक विनोद आहे. त्यानंतर १९७८ साली 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' आला, १९८२ साली 'आली अंगावर' आला आणि हिंदीत 'तेरे मेरे बीच में' (१९८४) व 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) हे चित्रपट आले. आता नावच विनोद करू लागले. चित्रपटगृहात शिरण्यापूर्वीच, भिंतीवरच्या पोस्टरपाशी, प्रेक्षकाला पहिला हशा मिळू लागला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या भाजणीचे आश्चर्य वाटू नये. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम आपण वर्गात भाकरीच्या उदाहरणाने शिकवितो. पहिल्या भाकरीने जे समाधान मिळते, ते चौथीने मिळत नाही. चावट विनोदाचेही तसेच आहे. गेल्या वर्षी ज्या नावावर लोक हसले, त्या प्रतीच्या नावावर यंदा हसत नाहीत. तेवढाच हशा मिळवायचा, तर मात्रा वाढवावी लागते. एकदा नावाने तिकीट विकले गेले की, पुढचे नाव आधीच्याहून धीट करणे हा बाजाराचा तगादा होऊन बसतो. दादांसारख्या प्रतिभावंतालाही तो चुकला नाही. मग त्यांची प्रतिभा नसलेल्या अनुकरणकर्त्यांची काय कथा!

नावाचे व्याकरण

ही नावे बनतात कशी, हे मराठीच्या शिक्षकांनी पाहण्याजोगे आहे. यांत मुख्यतः तीन युक्त्या दिसतात. पहिली म्हणजे कर्ता गाळणे. 'आली अंगावर' या वाक्यात कोण आली, ते सांगितलेले नाही. क्रियापद स्त्रीलिंगी आहे, एवढीच खूण आहे. जबाबदारी, संकट, म्हैस यांपैकी काहीही अंगावर येऊ शकते आणि सेन्सॉरने हरकत घेतलीच, तर तसे सांगण्याची सोय असते. दुसरी युक्ती म्हणजे वाक्य अर्धवट सोडणे. 'तेरे मेरे बीच में' काय आहे, ते प्रेक्षकाने भरावयाचे. तिसरी म्हणजे एका शब्दाचे दोन शब्द करणे. हिंदीत 'दिया' म्हणजे दिवा आणि 'दिया' म्हणजे दिला. दिवा मानला, तर नाव एखाद्या भक्तिगीतास शोभावे इतके सात्त्विक होते. क्रियापद मानले, तर काय दिले, हा प्रश्न अंधारात लोंबकळत राहतो. 'बोट लावीन तिथं' यातील 'तिथं' म्हणजे कोठे, हेही प्रेक्षकानेच ठरवावयाचे.

या सर्व युक्त्यांचे मर्म एकच आहे. लेखक अर्धा अर्थ देतो आणि उरलेला अर्धा प्रेक्षकाकडून वसूल करतो. त्यामुळे पकडला गेलाच, तर तो म्हणू शकतो, "घाण तुमच्या मनात आहे." आणि यात तथ्य नाही असेही नाही, म्हणून तर आपण निरुत्तर होतो.

चित्राचे कामही याच जातीचे. दादांचे पोस्टर आठवून पाहावे. ढगळ अर्धी चड्डी, तिची लोंबणारी नाडी आणि चेहऱ्यावर कमालीचा भोळेपणा. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी सिनेमाची जाहिरात करणारी गाडी भोंगा लावून गावातून फिरे आणि तिच्या दोन्ही बाजूंना हे पोस्टर असे. तो भोळा चेहरा म्हणजे नावातील दुसऱ्या अर्थाचा जामीनच होता. इतक्या भाबड्या माणसाच्या मनात काही वाईट असेल, असे कसे म्हणावे! आणि येथे दादांच्या बाजूने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. त्यांच्या चांगल्या चित्रपटांत फजिती बहुधा त्या भोळ्या नायकाचीच, नाहीतर पाटलाची, हवालदाराची होई. हसणारा प्रेक्षक स्वतःवर आणि आपल्यावर सत्ता गाजविणाऱ्यांवर हसत असे.

द्व्यर्थी नाव ही काही केवळ आपल्याकडची गोष्ट नव्हे. इंग्लंडमधील बीटल्स या जगप्रसिद्ध गायकवृंदाने १९६६ साली आपल्या ध्वनिमुद्रिकेला 'रिव्हॉल्व्हर' हे नाव दिले. त्याचा एक अर्थ पिस्तूल आणि दुसरा अर्थ गोल फिरणारी वस्तू, म्हणजे खुद्द ती तबकडीच. यात कोणाचा अवमान नाही, कोणाची लाज नाही, शुद्ध श्लेषाचा आनंद आहे. म्हणजे दुहेरी अर्थ हे केवळ हत्यार आहे. ते कोणावर उगारले जाते, त्यावरून त्याची किंमत ठरते.

मंडपातला बाजार

आता पुन्हा झाडीपट्टीकडे वळू. दंडार आणि खडी गंमत या लोककलांच्या मातीत रुजलेली ही रंगभूमी सरकारी अनुदानावर उभी राहिलेली नाही. ती उभी आहे ती गावकऱ्यांच्या तिकिटांवर. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा हा साऱ्या झाडीपट्टीचाच गौरव आहे, अशी येथील माणसांची भावना झाली. या रंगभूमीची खरी शक्ती तिच्या प्रेक्षकांत आहे. रात्री दहाच्या सुमारास घरातील सारी माणसे, म्हातारी आजी, कडेवरचे पोर, माहेरवाशीण लेक, सगळी मंडपात येऊन बसतात आणि पहाटेपर्यंत हसतात, रडतात. शहरातील नाटकाला हेवा वाटावा, असा हा कुटुंबवत्सल प्रेक्षक आहे.

व्यवहार असा असतो. गावातील मंडळ नाट्यसंस्थेकडे जाऊन प्रयोग ठरविते, ठरलेली रक्कम देते आणि तिकिटविक्रीतून ती भरून काढते. मोठ्या गावात एकाच रात्री दोन-तीन नाटके असतात. अशा वेळी प्रेक्षकाने कोणत्या मंडपात शिरावे? नाटक पाहिल्याशिवाय ते कसे आहे हे कळत नाही आणि पाहून झाल्यावर पैसे परत मिळत नाहीत. हाती असते ते फक्त पत्रक, त्यावरील नाव, चित्र आणि नटनट्यांचे फोटो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखविले की, जेथे माल पारखण्याचे साधन ग्राहकाजवळ नसते, तेथे वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. या विचाराला २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. नाटकाच्या पत्रकाला तो तंतोतंत लागू पडतो. चांगले नाटक लिहायला, बसवायला कष्ट आणि पैसा लागतो. चावट नाव छापायला काहीच लागत नाही.

झाडीपट्टीतील बहुसंख्य नाटकांची नावे आजही कुंकू, मंगळसूत्र, माहेर आणि बहीण-भावाच्या मायेभोवतीच फिरतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण त्यांच्या शेजारी दुसऱ्या प्रकारची नावे दिसू लागली आहेत. त्या दिवशी स्थानकावर पाहिलेल्या नावात कर्ता गाळलेला होता, क्रियापद स्त्रीलिंगी होते आणि पुढे तीन उद्गारचिन्हे होती. नाटक पाहिलेल्या एका शिक्षक मित्राने पुढे सांगितले की, कथानक एका कष्टाळू वहिनीचे आहे आणि शेवटी बायका पदर डोळ्यांना लावून रडतात. म्हणजे माल एक आणि वेष्टन दुसरेच. रडविणारे नाटक हसविणाऱ्या नावाने विकले जात होते.

गाळलेला कर्ता

या वेष्टनावर जिचे चित्र छापतात, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. आमच्या महाविद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी काही हंगाम झाडीपट्टीच्या नाटकांतून कामे करीत आहे. पदवी घेतली, पण नोकरी लागली नाही आणि आवाज गोड असल्याने ती या व्यवसायाकडे वळली. हंगामात रोज नवे गाव, रात्रभर प्रयोग आणि पहाटे गाडीत बसून झोप. तिला या कष्टांची तक्रार नव्हती. ती म्हणाली, "सर, नाटकात मी भावासाठी जीव देणाऱ्या बहिणीचं काम करते. लोकं रडतात. पण पत्रकावर माझ्या फोटोखाली जे नाव छापतात, त्याच नावानं सकाळी गावातली पोरं मला हाक मारतात. नाव ठेवताना मला कोणी विचारलं नव्हतं."

तिच्या या शेवटच्या वाक्यात सारा प्रश्न सामावला आहे. व्याकरणात गाळलेला कर्ता प्रेक्षक कोठून आणतो? तो पत्रकावरील फोटोतून आणतो. शब्दांनी जे सांगितले नाही, ते चित्राने पुरे होते आणि ते चित्र एका खऱ्या, जिवंत स्त्रीचे असते. नाव ठेवणारा लेखक, छापणारा मालक आणि हसणारा प्रेक्षक हे तिघेही पहिल्या अर्थाच्या आडोशाला सुरक्षित राहतात. दुसऱ्या अर्थाची किंमत एकटी ती मोजते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिव्यय म्हणतात, तो हाच. कारखाना नफा मिळवितो आणि धूर शेजाऱ्याच्या घरात जातो. चंद्रपूरकरांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि ती एकटीच नव्हे. ज्या घरातील बाई असले पत्रक घडी करून पिशवीत टाकते, त्या घरातील बायका त्या नाटकाला जाण्याचा संभव किती? त्या गेल्या नाहीत, तर मुले जात नाहीत, म्हातारी माणसे जात नाहीत. मंडपात उरतात ते फक्त तरुण पुरुष. मग पुढच्या वर्षी मालक म्हणतो, "प्रेक्षकांना हेच लागते." त्याचा हिशेब चुकीचा नसतो, अपुरा असतो. आलेल्या गिऱ्हाइकाची नोंद त्याच्या वहीत आहे, न आलेल्या गिऱ्हाइकाची नाही.

कायद्याचा हात कोठवर पोचतो?

मग सरकारने काही करावे काय? महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण मंडळापुढे येते ती संहिता. पत्रकावरील फोटो, नावापुढील उद्गारचिन्हे आणि भोंग्यावरून नाव पुकारणाऱ्याचा लाडिक सूर यांची संहिता नसते. कायद्याला अभिधा कळते. व्यंजना त्याच्या चिमटीत सापडत नाही.

शिवाय कायद्याने या वाटेने जाऊ नये, असेही कारण आहे. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातील 'शामा' या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. अश्लीलतेची कल्पना समकालीन समाजाच्या नीतिकल्पनांवर अवलंबून असते, हे त्या निकालात मान्य करण्यात आले. समाजाच्या कल्पना बदलतात आणि आज ज्यावर बंदी घालावी, ते उद्या अभ्यासक्रमात लागते. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण व्यावसायिकांनी १९८५ साली पालकांच्या आग्रहावरून वादग्रस्त गीतांच्या तबकड्यांवर इशाऱ्याची चिठ्ठी लावण्याचे मान्य केले. तेव्हापासून अशी टीका होत आली की, ती चिठ्ठी हीच तरुणांना आकर्षित करणारी जाहिरात ठरते. बंदीने दुसरा अर्थ मरत नाही, त्याचा भाव वाढतो.

बांबूच्या वनाचा धडा

उपाय मुंबई-नागपूरकडे शोधण्यापेक्षा आपल्याच जंगलात शोधावा. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर वनावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तेथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो आणि त्याआधी अभ्यासगटात चर्चा होते. योगायोग असा की, त्याच २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींना मिळाले. सामाईक कुरण, वन किंवा पाणी यांची वाट लागू द्यायची नसेल, तर खाजगी मालकी किंवा सरकारी दंडुका हे दोनच मार्ग आहेत, असा समज होता. वापरणारी माणसे स्वतः नियम करून सामाईक संपत्ती राखू शकतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांनी दाखवून दिले.

झाडीपट्टीच्या रंगभूमीचा लौकिक हेही असेच सामाईक वन आहे. 'झाडीपट्टीचे नाटक म्हणजे घरच्यांसह पाहण्याचे नाटक' हा विश्वास एका संस्थेने निर्माण केलेला नाही. कैक पिढ्यांच्या कलावंतांनी तो जोपासला. त्यातील बांबू कोणीही एकजण तोडून विकू शकतो. त्याला आजच्या रात्रीचा गल्ला मिळतो आणि वन मात्र साऱ्यांचे विरळ होते.

हे वन राखण्याची किल्ली गावातील मंडळाच्या हाती आहे, कारण नाटक ठरविणारे तेच आहे. तीन साध्या गोष्टी करता येतील. एक, प्रयोग ठरविताना मंडळाने पत्रकाचा नमुना मागवून घ्यावा आणि नावाचे वेष्टन नाटकाशी जुळते की नाही, ते पाहावे. दोन, नाटक निवडणाऱ्या मंडळींत गावातील महिला बचत गटांच्या दोघी-तिघी असाव्यात. ज्या जिल्ह्यात स्त्रियांच्या रेट्यातून आणि लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी आली, तेथे बायकांना नाटक निवडता येणार नाही, असे कोणी म्हणू नये. तीन, नटीचा फोटो ज्या पत्रकावर छापावयाचा, ते पत्रक तिला आधी दाखवून तिची संमती घेतल्याची अट करारातच असावी. हा तिच्यावर उपकार नव्हे. शेतमालकही दुसऱ्याचे बैल न विचारता आपल्या गाडीला जुंपत नाही.

यातून गावगुंडांची नीतिरक्षक सेना तयार होईल, अशी भीती कोणी व्यक्त करील आणि ती अनाठायी नाही. म्हणूनच येथे कोणत्याही बंदीची मागणी केलेली नाही. कोणाला चावट नाटक करायचे असेल, तर त्याने करावे आणि कोणाला पाहायचे असेल, त्याने पाहावे. प्रश्न फक्त विकणारा, घेणारा आणि जिचे चित्र लावून विकले जाते ती, या तिघांनी समोरासमोर बसून व्यवहार करण्याचा आहे. चांगल्या आणि हिणकस द्व्यर्थीपणातील भेद ओळखायला मम्मटाचा ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. ज्या व्यक्तीवरून विनोद केला आहे, ती तेथे बसलेली असताना तिलाही हसता येते का, एवढे पाहिले की पुरे.

नवा हंगाम येईल, पत्रके वाटली जातील आणि ती मुलगी, आता वर्षाने मोठी, पुन्हा मोठ्याने नाव वाचील. मुलांनी वाचू नये, असे कोणता शिक्षक म्हणेल? तिने विचारलेल्या प्रश्नावर आईने पत्रकाची घडी घालण्याऐवजी खुदकन हसून "मोठी झालीस की कळेल" एवढे म्हणावे, अशी नावे ठेवता येणे अशक्य नाही. आपल्या भाषेला ती कला दोन हजार वर्षांपासून अवगत आहे.